चंदराचा कबुलीजबाब

रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘शास्ति’ (१८९३) या कथेतील चंदराचा कबुलीजबाब हा पतिव्रतेचा त्याग नव्हे. जावेचा खून थोरल्या दिराने केलेला. भावाला वाचवण्यासाठी नवरा तो आळ चंदरावर घालतो. बायको दुसरी मिळेल, भाऊ मिळणार नाही, हा त्याचा हिशेब. स्वसंरक्षणाचा बचावही तोच पढवतो. चंदरा नेमका तेवढाच गाळते. तिचे सामर्थ्य या गाळण्यात आहे. पुढे दोघे भाऊ गुन्हा आपल्यावर घेतात, तरी न्यायालय तिचाच शब्द ग्राह्य धरते. स्त्रीच्या शब्दाला वजन येते, ते फासापुरते! अखेरीस नवऱ्याची भेट झिडकारणारा तिचा एकशब्दी उद्गार बंगाली बायकांच्या लटक्या रागातला, मराठीतील ‘मेला!’शी नाते सांगणारा. अनुवादात तेथे नुसता तिरस्कार उरला, तर तिचे दुखावलेले प्रेम पुसले जाते.