किरावारे मात्सुको नो इश्शो

(झिडकारलेल्या मात्सुकोचे जीवन). शोक व विनोद यांचे मिश्रण असलेला जपानी संगीतप्रधान चित्रपट (२००६). जपानबाहेर तो ‘मेमरीज ऑफ मात्सुको’ या नावाने परिचित आहे. यामादा मुनेकी यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शक नाकाशिमा तेत्सुया (१९५९– ) होत.

२००१ मध्ये तोक्योतील आराकावा नदीच्या काठी त्रेपन्न वर्षांच्या मात्सुकोचा खून होतो. तिची घाणीने भरलेली खोली आवरण्यास आलेल्या शो या भाच्याला, आजवर न पाहिलेल्या आत्याचे पूर्वायुष्य तुकड्यातुकड्यांनी कळत जाते. फुकुओका प्रांतातील ही शिक्षिका विद्यार्थ्याने केलेली चोरी निस्तरण्याच्या नादात नोकरी गमावते व घर सोडते. पुढे मारझोड करणारा लेखक, विवाहित प्रियकर, वेश्याव्यवसाय, हातून घडलेली हत्या, आठ वर्षांचा कारावास अशी तिची घसरण होते. तोच विद्यार्थी गुंड बनून पुन्हा तिच्या आयुष्यात येतो, हा योगायोग मात्र पटण्यास जड जातो.

इतके दारुण कथानक नाकाशिमा यांनी झगमगीत रंग, कृत्रिम फुले आणि नृत्यगीते यांच्या साहाय्याने मांडले आहे. जाहिरातपटांत मुरलेल्या या दिग्दर्शकाने स्त्रीच्या दुःखाचे शोभेत रूपांतर केले, असा आक्षेप घेता येईल. आणि मध्यंतरीच्या काही प्रसंगांत चमकदारपणाचा अतिरेक होतो, हेही खरे. तथापि ही झळाळी दिग्दर्शकाने बाहेरून चढविलेली नसून ती मात्सुकोच्या स्वतःच्या दृष्टीतून उतरली आहे. प्रत्येक नवा पुरुष तिला गाण्यासारखाच भासतो. कारागृहातील वर्षे एका समूहगीतात सरतात, तेव्हा गीताची लय आणि वाया जाणारा काळ यांतील विसंगतीच प्रेक्षकाला बोचते.

तिच्या विदूषकी मुद्रेचा उपयोगही असाच अर्थपूर्ण आहे. वडिलांचे सारे लक्ष आजारी धाकट्या बहिणीकडे असते. त्यांना हसविण्यासाठी लहानपणी केलेले वेडेवाकडे तोंड पुढे संकटाच्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर आपोआप उमटते. सुरुवातीस हसू आणणारी ही लकब उत्तरोत्तर असह्य होत जाते. वडिलांच्या मृत्यूनंतर तिच्या हाती पडणाऱ्या त्यांच्या रोजनिशीत, मात्सुकोकडून काही कळले नाही, अशी नोंद दिवसामागून दिवस आढळते. संपूर्ण चित्रपटात या साध्या प्रसंगाइतके परिणामकारक दुसरे काही नाही. अखेरीस जिना चढून ती बहिणीकडे परतते, हे दृश्य काहीसे लांबले असले, तरी बालगीताच्या पुनरावृत्तीमुळे ते तग धरते.

नाकातानी मिकी यांनी मात्सुकोचा भाबडेपणा व हट्टीपणा यांपैकी कशालाही सौम्य केलेले नाही. या भूमिकेबद्दल त्यांना जपान अकादमीचे, तसेच २००७ च्या पहिल्या आशियाई चित्रपट पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले.