नाव नाकारणारे युसूफ लतीफ

युसूफ लतीफ हे नाव ऐकले की एखादा कव्वाल किंवा शायर डोळ्यांसमोर येतो. आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीतही तसेच झाले. हे गृहस्थ १९२० साली अमेरिकेत जन्मले, डेट्रॉइटमध्ये वाढले, टेनर सॅक्सोफोन आणि बासरी वाजवत जगले आणि २०१३ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी गेले, असे आम्ही सांगितले. त्यावर ठरलेला प्रश्न आला, मुसलमान असून बाजा? मौसिकी हलाल की हराम, हा वाद आम्ही इथे उकरत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की या प्रश्नाचे ओझे लतीफ यांनी आपल्यापेक्षा अधिक गंभीरपणे वाहिले.

१९४९ मध्ये ते डिझी गिलेस्पींच्या वाद्यवृंदात होते. त्याच सुमारास अहमदिया जमातीच्या माध्यमातून त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि नाव बदलले. पुढे त्यांनी ‘जॅझ’ हे नावही नाकारले. त्या शब्दाला चिकटलेले हलके अर्थ त्यांना मान्य नव्हते. आपल्या संगीताला ते ‘ऑटोफिजिओसायकिक’ म्हणत. शरीर, मन आणि रूह या तिन्हींतून येणारे संगीत. शब्द बोजड आहे, कुणाच्या तोंडी बसला नाही. पण दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाने जगायचे नाही, ही जिद्द आपल्या वाचकांना समजावून सांगावी लागणार नाही.

त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका ‘ईस्टर्न साउंड्स’, १९६१ ची. पियानोवर बॅरी हॅरिस, बेसवर अर्नी फॅरो, ड्रमवर लेक्स हम्फ्रीज. लोक तिच्यातल्या ‘पूर्वेची’ फार तारीफ करतात. आम्हाला ती पूर्व थोडी उसनी वाटते. दोन धुना तर ‘स्पार्टाकस’ आणि ‘द रोब’ या चित्रपटांतल्या, म्हणजे हॉलिवूडने उभे केलेले रोम! ‘प्लम ब्लॉसम’मध्ये मात्र मातीच्या चिनी फुंकवाद्यावर मोजक्या सुरांत ते जो खेळ करतात, तो मनात राहतो. आणि ‘ब्लूज फॉर द ओरिएंट’मध्ये ओबो लागतो तेव्हा नावातला ओरिएंट गळून पडतो, उरतो तो काळ्या माणसाचा ब्लूज. ओबो हे शहनाईसारखेच दुहेरी पत्तीचे वाद्य. ज्याने बिस्मिल्लाह खान ऐकले आहेत त्याला तो आवाज परका वाटणार नाही.

१९६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘पेप्स’ या क्लबात झालेले त्यांचे ध्वनिमुद्रण आम्हाला याहून श्रेष्ठ वाटते. तिथे त्यांनी शहनाईही वाजवली आहे. श्रोते समोर आहेत, कुणी ओरडून दाद देतो आहे, आणि लतीफ त्या दादेला सुरांनी उत्तर देतात. अडचण इथेच आहे. ती जागा दारू विकणारी होती. ऐंशीच्या दशकापासून लतीफ यांनी जिथे दारू मिळते तिथे वाजवायचे सोडले. जॅझ वाजवणाऱ्याची रोजी अशाच जागांत असते, हे लक्षात घेतले तर त्या निर्णयाची किंमत कळते.

किंमत संगीतालाही पडली, हे आम्ही लपवणार नाही. १९८७ ची ‘लिटल सिम्फनी’ त्यांनी सगळी वाद्ये स्वतःच वाजवून केली. तिला ग्रॅमी मिळाले, तेही ‘न्यू एज’ विभागात. पुन्हा दुसऱ्यांचे नाव! काम कसोशीचे आहे, पण समोरून दाद देणारे कुणी नाही, आणि ते ऐकू येते.

रियाझाबरोबर त्यांची तालीमही थांबली नाही. पन्नाशीत, १९७५ मध्ये, त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतली. विषय होता पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षण. बी.एड. झाल्यावर पुस्तक मिटून ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांनी इथे मान खाली घालावी. १९८१ ते ८५ ते नायजेरियात झारियाच्या अहमदू बेल्लो विद्यापीठात होते आणि साठी ओलांडल्यावर तिथल्या फुलानी लोकांची ‘सरेवा’ नावाची बासरी अभ्यासत होते. पूर्वी त्यांनी परकी वाद्ये डेट्रॉइट-न्यूयॉर्कला बोलावली होती. आता ते स्वतः वाद्याच्या गावी गेले. आमच्या मते हा फरक मोठा आहे.

नव्या श्रोत्याने सुरुवात ‘पेप्स’पासून करावी, मग ‘ईस्टर्न साउंड्स’ घ्यावी. ‘लिटल सिम्फनी’ शेवटी, आणि रात्री, घरात आवाज नसताना.