अतिमानवांची रूपांतरे

मूळ कथेत फेरफार करण्याचा अधिकार रूपांतरकारास कितपत असावा, हा वाद वाङ्मयाइतकाच जुना आहे. हल्ली तो जेथे सर्वांत हिरिरीने चालतो, ते क्षेत्र मात्र पुष्कळ सुशिक्षितांस निव्वळ पोरखेळ वाटते. ते क्षेत्र म्हणजे अमेरिकन कॉमिक पुस्तकांतील अतिमानवी वीरांच्या कथा व त्यांवर रचलेल्या दूरचित्रवाणीच्या मालिका. आपल्या घरांतील मुलांस हे वीर बहुधा आधी पडद्यावर भेटतात. पुस्तकात गाठ पडलीच तर ती मागाहून पडते. म्हणजे रूपांतर हेच त्यांच्या लेखी मूळ ठरते. एवढ्या एका कारणासाठी तरी या फेरफारांची परीक्षा वडीलधाऱ्यांनी गंभीरपणे करणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

या वादात दोन पक्ष आहेत. पहिला निष्ठावंत वाचकांचा. वीराचे नाव, वेष, जन्मकथा यांतील कानामात्राही ढळू नये, असा त्यांचा आग्रह. दुसरा पक्ष म्हणतो की, माध्यम बदलले की कथा बदलणारच. रूपांतर स्वतःच्या पायांवर उभे राहिले म्हणजे पुरे, ते मुळाशी ताडून पाहण्याचे प्रयोजन काय? पहिल्या पक्षास आमचा प्रश्न असा की, आपण मूळ म्हणता ते नेमके कोणते? १९३८ साली सीगल व शूस्टर या दोघा तरुणांचा सुपरमॅन प्रथम छापून आला, तेव्हा तो आकाशात उडत नसे. केवळ लांब लांब उड्या मारी. त्याचे बळ हरण करणारा क्रिप्टोनाइट हा पदार्थ १९४३ साली नभोवाणीवरील मालिकेत निघाला आणि कॉमिकमध्ये १९४९ साली शिरला. अनेक हातांनी दशकानुदशके रचलेल्या अशा कथेत अक्षरनिष्ठेस फारसा अर्थ उरत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही आम्हांस अपुरे वाटते. रूपांतरकार जुने नाव धारण करतो, तेव्हा तो प्रेक्षकांच्या जुन्या स्नेहाचे भांडवल उसने घेत असतो. आणि उसन्या भांडवलाचा हिशेब देणे कोणासही चुकत नाही.

हा हिशेब कसा मागावा, याचा पाठ कालिदासाने घालून दिला आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेस ओळखतो आणि तरीही लोकापवादाच्या भयाने तिला भर सभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप व अंगठी ही दोन नवी कारणे योजून राजाचा दोष विस्मृतीकडे वळवला. एवढ्यावरच तो थांबता, तर नायकास सोवळे करून दिल्याचा आरोप त्याच्यावर आला असता. परंतु अंगठी सापडल्यानंतर सहाव्या अंकात राजा जो पश्चात्ताप भोगतो, तो मूळ आख्यानात नाही. कवीने दोष हलका केला, पण भोग वाढवला. शकुंतलेचे देणे बुडवले नाही. म्हणूनच १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणले तेव्हापासून आपला प्रेक्षक शकुंतलेची म्हणून जी कथा हृदयाशी धरून आहे, ती व्यासांची नसून कालिदासाची आहे.

अतिमानवी वीराच्या कथेसही हीच कसोटी लावावी, असे आमचे मत आहे. तिचे मर्म वीराच्या सामर्थ्यात नाही. सामर्थ्य तर तिच्यातील दुष्टांसही असते. ते सामर्थ्य कोणत्या ऋणातून कर्तव्य बनले, वीर कोणाचे काय देणे लागतो, हे तिचे मर्म होय. रूपांतरकाराने नाव बदलावे, गाव बदलावे, काळही बदलावा. मात्र जुने ऋण काढून घेतल्यास त्याच्या जागी तितकेच जड ऋण ठेवावे.

हल्कचे उदाहरण घ्या. स्टॅन ली व जॅक कर्बी यांच्या १९६२ सालच्या कथेत ब्रूस बॅनर हा शास्त्रज्ञ सैन्यासाठी गॅमा बाँब तयार करतो. चाचणीच्या क्षणी एक उनाड पोर मैदानात शिरलेला दिसतो. त्याला खंदकात ढकलून वाचवताना बॅनर स्वतःच्याच अस्त्राच्या तडाख्यात सापडतो व राक्षसी देहात पालटू लागतो. केनेथ जॉन्सन यांनी १९७७ ते १९८२ या काळात चालवलेल्या मालिकेत हा बाँबही नाही आणि ते पोरही नाही. ब्रूसचा डेव्हिडसुद्धा झाला आहे. मोटारीच्या अपघातात पत्नीस वाचवण्याचे बळ आपल्या अंगी आले नाही, हे शल्य उरात घेऊन हा डेव्हिड, संकटसमयी काही माणसांत अमानुष बळ कोठून येते, याचा शोध करतो आणि स्वतःवरच प्रयोग करून बसतो. पुढे जगाने मृत मानलेला हा मनुष्य नावे बदलीत गावोगाव हिंडतो. एक वार्ताहर त्याच्या पाठीवर असतो. ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ कादंबरीतील पळत्या नायकाची छाया येथे उघड दिसते व जॉन्सन यांनी ती मान्यही केली आहे. बिल बिक्स्बी यांच्या थकल्या चेहऱ्याने ही वणवण खरी केली. तरीही हिशेबात तूट येतेच. संहारास्त्र निर्माण करणाऱ्यानेच त्याचे फळ भोगावे, हा मूळ कथेतील न्याय साऱ्या अणुयुगास उद्देशून होता. मालिकेने ते ऋण जगाच्या खात्यावरून काढून एका दिवंगत स्त्रीच्या नावे लिहिले. कथा अधिक करुण झाली, पण तिचा आवाका आखूड झाला.

याच्या उलट प्रकार बॅटमॅनच्या एका शत्रूचा. १९५९ साली ‘मिस्टर झीरो’ या नावाने आलेला हा बर्फाची बंदूक चालवणारा चोर फार सामान्य होता. १९६६ च्या मालिकेने त्यास ‘मिस्टर फ्रीझ’ हे नाव दिले, जीव मात्र दिला नाही. १९९२ साली बॅटमॅनच्या सचेतन चित्रमालिकेत पॉल डिनी यांनी लिहिलेल्या एका भागाने त्याला नोरा ही मरणासन्न पत्नी दिली. तिला वाचवण्यासाठी त्याने तिला गोठवून ठेवले आहे आणि कारखान्याच्या निर्दय मालकाने तो प्रयोग उधळून लावला आहे. चोरी तीच, बंदूकही तीच. परंतु आता तिच्यामागे एक बुडालेले देणे उभे राहिले. जेथे मुळात काहीच नव्हते तेथे रूपांतराने ऋण निर्माण केले आणि पुढे कॉमिककारांनीही ते मुकाट्याने स्वीकारले. मुळाने रूपांतराची उसनवारी करावी, याहून मोठी पावती कोणती?

‘स्मॉलव्हिल’ ही मालिका २००१ ते २०११ अशी दहा वर्षे चालली. सुपरमॅनचा पोशाख व उड्डाण या दोन्ही गोष्टी दूर ठेवण्याचा तिच्या कर्त्यांचा दंडक होता आणि तो बहुतांशी पाळला गेला. त्यांचा खरा फेरफार मात्र पहिल्याच भागात आहे. बालक ज्या यानातून पृथ्वीवर उतरते, त्याच्याबरोबर उल्कांचा वर्षाव होतो. त्यात लाना या मुलीचे आईबाप मरतात आणि पुढे वैरी होणाऱ्या लेक्सच्या डोक्यावरील केस जातात. म्हणजे जगाचा तारणहार जगात येतानाच काही घरे उद्ध्वस्त करून येतो. हे मुळात नव्हते. पण मुळातील अनाथपणास ते साजेसे आहे आणि त्याने वीरास प्रथमच पृथ्वीचा ऋणको केले. दुर्दैवाने २१७ भागांच्या लांबणीत हे ऋण पातळ होत गेले. आठवड्यास एक नवा उपद्रवी हवा, म्हणून त्याच उल्कांच्या खड्यांनी गावातील अनेकांच्या अंगी चमत्कार आणले आणि जे नायकाचे शल्य होते ते लेखकांची सोय झाले. दोष कल्पनेचा नव्हे, लांबणीचा.

सर्वांत कठीण परीक्षा ‘वॉचमेन’ची. ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांची ही बारा अंकांची कथा १९८६-८७ साली प्रसिद्ध झाली. मुखवटा घालून न्याय करू निघालेल्या माणसांवर विश्वास ठेवावा काय, हाच तिचा प्रश्न. तिच्यात ‘हूडेड जस्टिस’ हा अगदी पहिला मुखवटाधारी आहे. डोक्यावर बुरखा आणि गळ्यात फाशीचा दोर, असा त्याचा वेष. पण तो कोण होता, हे कथेत कधीच निश्चित होत नाही. २०१९ साली डेमन लिंडेलॉफ यांच्या नऊ भागांच्या मालिकेने ही मोकळी जागा भरली. १९२१ साली टल्सा शहरातील ग्रीनवुड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा गोऱ्या जमावाने संहार केला, हा इतिहास आहे. त्यातून आईबापांनी दूर धाडलेला एक मुलगा मालिकेत पुढे न्यूयॉर्कमध्ये पोलीस शिपाई होतो. त्याचेच गोरे सहकारी त्याला झाडास टांगतात व अखेरच्या क्षणी खाली सोडतात. तोच बुरखा, तोच दोर अंगावर घेऊन घरी परतत असता वाटेत कोणावर हल्ला होताना दिसतो आणि हा अर्धमेला माणूस बुरखा चढवून मदतीस धावतो. डोळ्यांभोवती तो पांढरा रंग लावतो, कारण पहिला मुखवटाधारी काळा आहे हे जगास रुचणार नाही.

या फेरफारास आम्ही उत्कृष्ट रूपांतराचा नमुना समजतो. मुळातील एकही रेघ येथे पुसलेली नाही. तोच दोर, तोच बुरखा. केवळ शोभेचा वाटणारा तो दोर कोठून आला, एवढेच मालिकेने विचारले आणि उत्तर अमेरिकेच्या खऱ्या, दडपलेल्या इतिहासातून आणले. शिवाय पेटत्या घरातून आईबापांनी दूर पाठवलेले मूल, ही सुपरमॅनचीच जन्मकथा. अतिमानवी वीरांची सारी परंपरा कोणाचे देणे लागते, हे मालिका अशा रीतीने एका वाक्याचाही उपदेश न करता दाखवते.

परंतु तीच मालिका दुसऱ्या एका ठिकाणी आमच्या कसोटीस उतरत नाही. मूळ कथेतील डॉक्टर मॅनहॅटन हा सर्वशक्तिमान पुरुष माणसांविषयीची आस्था गमावत जातो आणि शेवटी पृथ्वी सोडून निघून जातो. अमर्याद शक्तीवर कोणाचेच ऋण राहत नाही, हे त्या कथेतील सर्वांत भयंकर सत्य. मालिकेने त्याला परत आणून अँजेला या स्त्रीचा प्रेमळ पती केले आणि शेवटी त्याचे सामर्थ्य तिच्याकडे जाण्याचा संभव सुचवला. रेजिना किंग यांनी अँजेलाचे काम असे समरसून केले आहे की, प्रेक्षकास तसे घडावेसे वाटते. आणि धोका नेमका तेथेच आहे. एवढी शक्ती कोणाच्याच हाती नसावी, असे मूळ कथा सांगत होती. ती योग्य हाती पडावी, असे मालिका सुचवते. एका पिढीचे बुडालेले देणे जिने इतक्या प्रामाणिकपणे मांडले, तिनेच शेवटी मूळ कथेचा इशारा खर्ची घातला. ॲलन मूर यांचे नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत नाही. अशा रूपांतरांपासून ते दूरच राहत आले आहेत. त्यांचा सरसकट विरोध आम्हांस मान्य नाही. पण या एका बाबतीत त्यांच्या बाजूने साक्ष द्यावी लागेल.

तात्पर्य, ‘मुळात असे नाही’ हे वाक्य टीकेचा आरंभ होऊ शकते, निकाल नव्हे. मुलांनी उद्या पडद्यावरील वीराविषयी विचारले, तर पुस्तकाशी तो जुळतो की नाही, एवढेच सांगून त्यांची बोळवण करू नये. हा वीर कोणाचे देणे लागतो, ते तो कसे फेडतो आणि नव्या कथाकाराने ते देणे वाढवले, बदलले की बुडवले, हे त्यांच्याशी बोलावे. ज्या मालिकेपाशी या प्रश्नांस उत्तर आहे, ती मुळापासून कितीही दूर गेली असली तरी मुलांस खुशाल पाहू द्यावी.