एकच आदाम आणि एक वाढीव शब्द

उत्पत्तीकथांना आपले विद्वान भाकडकथा म्हणून बाजूला सारतात, नाहीतर सर्व धर्म शेवटी एकच सांगतात असे म्हणून मोकळे होतात. दोन्ही पवित्रे सोयीचे आहेत. उत्पत्तीकथा हे विज्ञान नव्हे, हे खरे; पण माणसाने माणसाशी कसे वागावे याचा पहिला कायदा पुष्कळदा तिच्यातूनच काढला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात नेमके हेच दाखवले. पुरुषसूक्त हे विश्वोत्पत्तीचे निव्वळ वर्णन नसून ते चातुर्वर्ण्याला आदर्श समाजरचनेचे स्थान देते, हा त्यांचा मुद्दा. त्या विवेचनात त्यांनी बायबलच्या जुन्या करारातील उत्पत्तीकथेचीही नोंद घेतली आहे. ज्यू धर्मपंडितांनी त्या कथेतून कोणता कायदा काढला, एवढेच मी येथे तपासणार आहे.

मोशेच्या नावावरील पाच पुस्तके म्हणजे तोरा. तिच्या पहिल्या पुस्तकात माणसाची उत्पत्ती दोनदा येते. एका कथेत देव नर व नारी दोघांनाही आपल्या प्रतिरूपात घडवतो. दुसरीत मातीपासून एक पुरुष आणि त्याच्या फासळीपासून स्त्री. मुखातून कोणी जन्मत नाही, पायांतून कोणी जन्मत नाही. पण कथेत भेद नाही म्हणून समाजात समता येत नसते. कथेचा अर्थ कोण लावतो आणि कुठे लावतो, हे महत्त्वाचे.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात हा अर्थ न्यायालयात लावलेला दिसतो. देहदंडाच्या खटल्यात साक्षीदाराला बजावायचे असते की, प्रारंभी एकच माणूस निर्माण केला गेला. म्हणून एक जीव घेणारा सारे जग नष्ट करतो. लगेच दुसरे कारण येते: माणसांत सलोखा राहावा, आपल्या बापाची थोरवी कोणी दुसऱ्याच्या बापावर लादू नये. पुढे आणखी एक कारण नाण्यांच्या दाखल्याने येते. माणसाने एका ठशातून काढलेली नाणी सारखी असतात. आदामाच्या एकाच ठशातून निघालेली माणसे मात्र एकमेकांसारखी नसतात. समता म्हणजे एकसारखेपणा नव्हे, हे इतक्या साध्या दाखल्यात सांगितले आहे. आणि ते प्रवचनात नव्हे, एखाद्याचा जीव टांगणीला लागलेला असताना सांगितले आहे.

तोरेचे स्थानही यावरूनच समजते. दर सात वर्षांनी ती पुरुष, स्त्रिया, मुले आणि गावातला परका अशा सर्वांना एकत्र जमवून वाचून दाखवावी, अशी आज्ञा तिच्यातच आहे. इकडे वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतावी, असे गौतमधर्मसूत्र सांगते. एका ग्रंथाने ऐकणे हे कर्तव्य मानले, दुसऱ्याने अपराध. हा फरक लपवून 'सर्व धर्म सारखे' म्हणणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

पण म्हणून ज्यू परंपरेची आरती करण्याचेही कारण नाही. मिश्नातील त्या वचनाच्या पुष्कळ प्रतींत 'इस्राएलातील एक जीव' असे वाचायला मिळते. जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत 'इस्राएलातील' हा शब्द नाही. एक शब्द वाढला आणि अख्ख्या मानवजातीची एक जमात झाली! परक्या गुलामाला वारसाहक्काने कायम बाळगण्याची मुभा खुद्द तोरेत आहे. मुलीला तोरा शिकवावी की नाही यावर मिश्नात वाद आहे. बेन अझाई शिकवावी म्हणतो, रब्बी एलिएझर कडाडून विरोध करतो, आणि पुढची कित्येक शतके विरोधाचेच पारडे जड राहिले.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल हेही आदामाचीच कथा मानणारे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते. काळ्यांशी सोयरीक होत नसे. हेच लोक इस्राएलमध्ये गेले, तेव्हा १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहासाठी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. म्हणजे पुन्हा बापाचाच प्रश्न! त्यांनी निदर्शने केली, आणि १९६४ साली ते आदेश बदलावे लागले. न्याय पोथीने आपण होऊन दिला नाही; पोथीत लिहिलेले होते तरीही तो भांडूनच घ्यावा लागला.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, कोणताही धर्मग्रंथ हाती आला की त्यात समतेचे वचन आहे का, एवढेच पाहून थांबू नका. ते वचन कोणाला ऐकू दिले आणि त्यात पुढे कोणी कोणता शब्द घुसडला, हेही शोधा. आणि वचन चांगले असेल, तर ते न्यायालयात उभे राहून वापरा. मिश्नाच्या पंडितांनी ते तिथेच ठेवले होते.