स्क्रूजची थकबाकी

नाताळ जवळ आला की एक लहानसे पुस्तक आम्ही हटकून पुन्हा हाती घेतो. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही लघुकादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत खपल्या. कृपण व्यापारी एबेनेझर स्क्रूज, त्याचा दिवंगत भागीदार मार्ले व त्याच्यामागून येणारे तीन आत्मे यांची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल.

तिच्यावर एक जुना आक्षेप आहे. थडग्यावर स्वतःचे नाव वाचून घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या भयास उद्धार का म्हणावे? आक्षेप पोकळ नाही. केवळ शिक्षेच्या भीतीने होणारा पश्चात्ताप आपली धर्मशिकवणही अपूर्णच मानते. परंतु आक्षेपकांनी कथेचा क्रम नीट पाहिलेला दिसत नाही. थडगे येते चौथ्या प्रकरणात. स्क्रूजचे डोळे भरून येतात ते दुसऱ्यातच. सुट्टीत ओस पडलेल्या शाळेत एक मुलगा एकटाच वाचत बसला आहे, आणि तो मुलगा म्हणजे स्क्रूज स्वतःच. तत्क्षणी त्याला आदल्या संध्याकाळी दाराशी गाणे म्हणावयास आलेला पोर आठवतो. त्याच्या हातावर काही ठेवावयास हवे होते, असे वाटते. स्मरण आधी, भय मागाहून. वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात असताना, १८२४ साली, बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता. एकट्या पडलेल्या मुलाचे दुःख त्याला कल्पनेने रचावे लागले नसावे.

खरा कस लागतो तो शेवटच्या प्रकरणात. गरिबांसाठी वर्गणी मागावयास आलेल्या ज्या सद्गृहस्थास त्याने रिकाम्या हाती परतविले होते, त्याची स्क्रूज रस्त्यात क्षमा मागतो, कानात एक रक्कम सांगतो आणि तीत मागची थकबाकीही धरली असल्याचे बजावतो. थकबाकी! दान हे दान नसून चुकते करावयाचे देणे आहे, हे जक्कयालाही उमगले होते. रक्कम किती, ते लेखक आपणांस सांगत नाही, उत्तमच.

एक गोष्ट मात्र आम्हांस सलते. आठवड्याला पंधरा शिलिंगांवर, नावापुरत्या विस्तवाशी कुडकुडत लिहिणाऱ्या बॉब क्रॅचिटची क्षमा कोणी मागत नाही. स्क्रूज त्याच्यावर आधी लटकेच रागावतो, मग पगार वाढवितो. बिचारा बॉब, धन्यास वेड लागले समजून, रुळाकडे सरकतो. या थट्टेत मालकी शाबूत राहते. बरोबरीच्या माणसापुढे मान लववता येते, हाताखालच्यापुढे ती ताठ राहते. पापनिवेदन ऐकावयास बसणाऱ्यास हे दुबळेपण नवे नाही, आणि ते आमच्यातही आहे.

आणि मार्ले? तिजोऱ्या, किल्ल्या व खातेवह्यांची साखळी ओढीत तो भटकतो. ही भेट आपल्या प्रायश्चित्ताचाच भाग असल्याचे तो सांगतो आणि जुन्या मित्रासाठी सुटकेची संधी मिळवून देतो. त्याची स्वतःची सुटका झाली काय? डिकन्स कॅथोलिक नव्हता. शुद्धीस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना त्याच्या कथेत नाही. नाताळच्या सकाळी स्क्रूज चर्चला गेला, एवढेच तो जाता जाता सांगतो. दर वर्षी त्या चार शब्दांशी आम्ही थांबतो आणि मार्लेसाठी कोणी गुडघे टेकले असतील काय, याचा विचार करीत पान उलटतो.