उष्णतेच्या चित्रावर किती विश्वास ठेवावा?

२००० साली कॅडिलॅक डेव्हिल या अमेरिकी मोटारीत रात्री रस्ता दिसावा म्हणून उष्णताकॅमेरा आला. भंगारात निघालेले असे कॅमेरे हौशी मंडळी प्रयोगांसाठी वापरतात. उष्णताकॅमेऱ्यात ब्राइटनेस व कॉन्ट्रास्ट सहसा आपोआप ठरतात; समोरच्या दृश्यातले सर्वांत गरम ते पांढरे, सर्वांत थंड ते काळे. चालकाला हे सोयीचे, पण शिकणाऱ्याची फसगत होते. वाफाळता चहा समोर आला की शेजारचा हात काळसर दिसू लागतो. हात मात्र थंड झालेला नसतो. म्हणून ही दोन्ही बटणे हाताने फिरवता येतील अशी जोडणे, हीच आम्हाला खरी सुधारणा वाटते. बटणे एका जागी ठेवली तरच दोन चित्रांची तुलना होऊ शकते. मोजपट्टी नसलेले उष्णताचित्र वर्गात जरूर दाखवावे. त्यावरून तापमान मात्र सांगू नये.