कंसातला ‘गृहीत’

इंग्लंडमधल्या घरांची ऊर्जा-प्रमाणपत्रे पत्त्यावरून कोणालाही पाहता येतात. इथे घरबसल्या मी ती बरीच वाचली, जुनी दप्तरे वाचावीत तशी. २००७ पासून ती घरविक्रीसोबत येऊ लागली. हिरव्या ‘ए’पासून लाल ‘जी’पर्यंत सात पट्टे, मुदत दहा वर्षे. भिंतीच्या वर्णनापुढे कंसात एक शब्द वारंवार भेटतो: ‘गृहीत’. भिंत कोणी उकरून पाहिलेली नसते. घराच्या वयावरून बांधलेला तो अंदाज.

त्याहून मोठे गृहीत म्हणजे त्यात राहणारे कुटुंब. हिशेबातले कुटुंब दिवाणखाना २१ अंशांवर ठेवते. पेन्शनीवर जगणारी म्हातारी एकच खोली तापवते, वर शाल घेते. केंब्रिजच्या सुनिक्का-ब्लांक आणि गॅल्विन यांनी २०१२ मध्ये जर्मन घरांची आकडेवारी मांडली, तेव्हा प्रत्यक्ष वापर हिशेबापेक्षा सरासरी ३० टक्के कमी निघाला. घर जितके वाईट, तितकी तफावत मोठी. म्हणजे भिंतींना अस्तर लावून वाचतील म्हणून छापलेले पैसे म्हातारीने कधी खर्चलेलेच नसतात!

शिवाय अक्षर आजवर ठरत आले ते ऊर्जेच्या खर्चावरून. वीज गॅसहून महाग, म्हणून विजेवर तापणारे घर खाली घसरू शकते.

तरी कागद फाडा असे मी म्हणणार नाही. २०१८ पासून ‘ई’च्या खालचे घर नव्याने भाड्याने द्यायला, काही अपवाद सोडता, बंदी आली, घरमालकापुढे धरायला भाडेकरूला काहीतरी मिळाले. दोन रिकाम्या घरांची तुलनाही त्यावरून करता येते. बिलाच्या अंदाजासाठी मात्र आधीच्या भाडेकरूची बिले मागावीत.